अर्धा सूर खाली

कानूचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि दवाखान्याच्या फाइलवर होतं, तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी ती कानू. हे नाव ठेवलं तिच्या बाबांनी, ती साडेचार वर्षांची असताना. बाबांचा धंदा पियानो जुळवण्याचा. एकदा स्वयंपाकघरात आईच्या हातून झारा पडला आणि बाहेरच्या खोलीतून पोरगी म्हणाली, "काळी दोन." बाबांनी झारा उचलून पियानोपाशी नेला, पुन्हा आपटला, पट्टी दाबून पाहिली. काळी दोनच होती. मग त्यांनी चमचे, किल्ल्या, बादली, दाराची कडी, असं घरातलं जे जे वाजण्यासारखं होतं ते सगळं वाजवून पाहिलं. पोरगी एकदाही चुकली नाही. शेवटी आईनेच हात जोडले. पोरीला कान आहेत हे कबूल, पण ते बाकीच्यांनाही आहेत, असं तिचं म्हणणं पडलं.

तर ही कानू मोठी होऊन बाबांच्याच धंद्यात पडली. तारा ताणायच्या, खुंट्या पिळायच्या, हातोड्यांवरचं, तारांवर आपटून कडक झालेलं लोकरीचं फेल्ट सुईने टोचून मऊ करायचं. सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या, एवढ्यावर तिचं जग चालायचं. पियानो जुळवणारे बाकीचे लोक सोबत नादकाटा बाळगतात. दोन पायांचा तो पोलादी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की कायम एकच सूर देतो, पांढरी सहा. तो सूर पकडायचा आणि पुढे चालू पडायचं. कानूच्या पिशवीत मात्र काटा नसायचा. बाबा म्हणायचे, काटा म्हणजे कुबडी, आणि आपल्या घराण्यात कुणी लंगडं नाही. हे सांगणारे बाबा स्वतः गेली दहा वर्षं गुडघ्यांपायी घरी बसलेले, जिन्याच्या दोन पायऱ्यांवरही कठड्याला धरून लंगडत चालणारे. पण ते सुरांबद्दल बोलत होते, त्यामुळे त्यांना कुणी अडवलं नाही.

कानूला बाराव्या वर्षापासून फिट यायची. आता ती बेचाळीस वर्षांची होती, म्हणजे तीस वर्षांचा संसार. नवऱ्याबरोबरच्या संसारापेक्षा जुना. त्या संसाराच्या रीती तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. शिडीवर चढायचं नाही. गाडी चालवायची नाही, बसने जायचं. डाव्या हाताच्या अंगठ्यात मुंग्या आल्या की हातातलं काम टाकून जमिनीवर बसायचं, कारण मग जेमतेम अर्धं मिनिट हातात असतं. पिशवीच्या पुढच्या कप्प्यात एक कार्ड असायचं, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं: कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स बोलवा. शेवटची ओळ होती, 'आणि कृपया पियानोचं झाकण बंद करा, धूळ जाते.'

मधली पाच वर्षं अगदी सुखाची गेली. एकही फिट नाही. मग यंदा तीन आठवड्यांत दोन आल्या. एक पावाच्या दुकानात, रांगेत उभी असताना, आणि दुसरी घरी, एक मोजा चढवून झाल्यावर आणि दुसरा चढवायच्या आत. डॉक्टरीणबाईंनी जुनी गोळी हळूहळू कमी करून नवी सुरू केली आणि दर आठवड्याला थोडी वाढवत नेली. नवी गोळी लागू पडली. महिना गेला, दीड महिना गेला, अंगठा गप्प. कानूच्या नवऱ्याने, जो फिटांची वही ठेवायचा, पानभर नुसत्या रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवर खूश झाला.

नवऱ्याचं खालच्या मजल्यावर सलून होतं. सलूनच्या दाराला एक घंटी होती, गिऱ्हाईक आलं की वाजणारी. अठरा वर्षं ती पांढरी पाच वाजत आली होती. एका गुरुवारी कानू पिशवी घेऊन सलूनमधून बाहेर पडायला निघाली, दार ढकललं आणि घंटी वाजली काळी तीन. अर्धा सूर खाली. कानूला वाटलं, घंटी तडकली असावी. बसमध्ये शेजारणीचा फोन वाजला, तोही तिला उतरल्यासारखा वाटला. संध्याकाळी फ्रिजची घरघर खाली आली होती. फ्रिज जुना झालाय, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा म्हणाला की तोही झालाय, पण त्याच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

पुढच्या आठवड्यात तिला एका शाळेत जायचं होतं. शाळेचा पियानो तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, मोठ्या सुट्टीत दोन महिने बंद पडलेला. कानूने झाकण उघडलं, पट्ट्यांवरून हात फिरवला आणि तोंडात बोट घातलं. अख्खा पियानो अर्धा सूर खाली बसला होता. बेवारशी ठेवलं की असंच होतं, असं मनाशी म्हणत तिने बाह्या वर सारल्या. अर्धा सूर वर चढवायचा म्हणजे दोनशेच्या वर तारा ताणायच्या, आणि एकदा ताणून भागत नाही, तारा पुन्हा सैलावतात. दीड दिवस गेला. दोन तारा तुटल्या, त्यातली एक तिच्या कानाजवळून सुईईई करत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घाम पुसला, दोन्ही हातांनी एक भरगच्च सुरावट वाजवली आणि स्वतःवरच खूश झाली. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं जड काम तिने केलं नव्हतं, आणि इतकं करूनही अंगठा गप्प होता.

चार दिवसांनी शाळेच्या गायनबाईंचा फोन आला. बाई मवाळ स्वभावाच्या, मूळ मुद्द्यावर यायला त्यांना वेळ लागायचा. आधी त्यांनी हवापाण्याची चौकशी केली, मग तब्येतीची, मग कामाची तारीफ केली. मग त्या म्हणाल्या, "कानूताई, मुलं बासऱ्या वाजवतात ना, त्या पियानोशी काही जुळत नाहीयेत. तीन दिवस मी अठरा मुलांना बेसूर, बेसूर म्हणून रागावतेय. आज त्यातली एक चिमुरडी उठून म्हणाली, बाई, आम्ही अठरा जण आहोत आणि पियानो एकटा आहे."

कानूला आधी हसू आलं, मग राग आला. तिने बाबांच्या खणातून त्यांचा जुना नादकाटा काढला आणि तिसरा मजला चढून गेली. गायनबाईंसमोर, अठरा मुलांसमोर तिने काटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. पांढरी सहा यायला हवी होती. आली काळी चार.

काटाच बिघडलाय, असं ती म्हणाली. पण म्हणता म्हणताच तिला कळलं की आपण काहीतरी भलतंच बोलतोय. गायनबाईंनी फोनवर सूर मोजायचं यंत्र उघडलं आणि काट्याजवळ धरलं. पडद्यावरची सुई अगदी मधोमध उभी राहिली. पोलाद उतरत नसतं. काटा बरोबर होता, बासऱ्या बरोबर होत्या, सलूनची घंटी बरोबर होती. सगळं जग जागच्या जागी होतं. कानू मुलांच्या बुटक्या बाकावर बसली. गायनबाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का, कार्ड काढू का? कानूने मान हलवली. ही फिट नव्हती. फिट परवडली असती, ती ओळखीची तरी होती.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. नवऱ्याला सूर हा प्रकार कळत नसे. तो कात्री चालवताना गायचा, पण ते गाणं मुळात कुठल्याच पट्टीत नसायचं, त्यामुळे गेले काही दिवस घरात तेवढी एकच गोष्ट कानूला जशीच्या तशी ऐकू येत होती. त्याने शांतपणे विचारलं की दुखतंय का, चक्कर येते का, अंगठा काय म्हणतो. काहीच नव्हतं. अर्धा सूर म्हणजे नेमकं किती, हे त्याने समजावून मागितलं. तिने टेबलावर दोन पेले ठेवून, एकात पाणी कमी-जास्त करून वाजवून दाखवलं. त्याला दोन्ही पेले सारखेच वाटले. पण तो म्हणाला, "मला कळत नाही म्हणजे नाहीच आहे असं थोडंच? फिटा आपण वहीत लिहितो ना? तसंच हे लिही. कधी, किती, काय खाल्लंस, कधी झोपलीस. सगळं."

मधल्या काळात ती कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर टोपणं घालून तपासनिसाने तिला बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. कानूने सगळ्या ऐकल्या. काही तर त्याने वाजवायच्या आधीच ऐकल्या की काय असं त्याला वाटलं. मग तिने विचारलं, आत्ताची शिट्टी किती कंपनांची होती? तो म्हणाला, हजारची. कानू म्हणाली की ही हजारची असूच शकत नाही. त्याने निमूटपणे यंत्राच्या तपासणीचं प्रमाणपत्र काढून दाखवलं. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'श्रवण उत्तम', आणि तोंडी सांगितलं की फार मनावर घेऊ नका, थोडी विश्रांती घ्या. कानू बाहेर पडली. उत्तम कान घेऊन आता करायचं काय, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

खरी भीती वेगळीच होती. तीस वर्षं फिट एका वाटेने यायची: अंगठा, हात, मग अंधार. आता ती डोक्यात नव्या ठिकाणी मुक्काम हलवतेय की काय, असं कानूला वाटू लागलं. आज अर्धा सूर, उद्या एक, परवा माणसांचे आवाज ओळखू यायचे नाहीत. तिने दोन कामं पुढे ढकलली, तिसरं रद्द केलं. दुपारी मागच्या खोलीत, जिथे दुरुस्तीला आलेले पियानोचे सांगाडे उभे असत, तिथे ती नुसती बसून राहायची.

वही मात्र ती नेमाने लिहीत होती. सकाळी उठल्या उठल्या काटा आपटायचा, मग दिवसातून पाच वेळा. चौथ्या-पाचव्या दिवशीच तिला रांगोळीसारखं काहीतरी उमटताना दिसायला लागलं. सकाळी सात वाजता, गोळी घेण्याआधी, सूर थोडासाच खाली असायचा. दहा-अकराच्या सुमाराला तो पुरता अर्धा खाली बसायचा. संध्याकाळपर्यंत सावरायचा, आणि रात्रीच्या गोळीनंतर झोपेपर्यंत पुन्हा घसरायचा. तिने मागची पानं चाळली. गोळीचा डोस शेवटचा वाढवला होता तो सोमवारी; घंटी उतरली ती त्याच आठवड्यातल्या गुरुवारी.

"दोन दिवस गोळी सोडून बघते," ती नवऱ्याला म्हणाली. "लगेच कळेल."

नवरा कधी आवाज चढवत नसे. तेव्हाही चढवला नाही. हातातला टॉवेल घडी करून खाली ठेवला आणि म्हणाला, "दोन दिवसांत फिट आली आणि जिन्यावर आली, तर काय कळेल? डॉक्टरीणबाईंची सोमवारची वेळ घेतलीये. तोवर गोळी चालू राहील. माझ्या समोर घ्यायची."

कानू तणतणत मागच्या खोलीत गेली. तिथे बाबा जुन्या हातोड्या पुसत बसले होते. ती त्यांच्याजवळ बसली आणि बऱ्याच दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. फिटांचं दुःख तिने कधी केलं नव्हतं, कारण फिट गेली की कान जागेवर असायचे. आता कानच गेले तर आपल्याजवळ राहिलं काय, असं ती म्हणाली आणि रडायला लागली. चांगली बेचाळीस वर्षांची बाई, पियानोच्या सांगाड्याला टेकून.

बाबांनी हातोडी बाजूला ठेवली.

"मला सगळं अर्धा सूर वर ऐकू येतं," ते म्हणाले. "दहा-बारा वर्षं झाली. वयाने होतं म्हणे."

कानूचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"म्हणून धंदा सोडला. गुडघ्यांना काही झालेलं नाही. गुडघे ठणठणीत आहेत."

कानू त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. दहा वर्षं तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली होती, बसमध्ये त्यांच्यासाठी लोकांना उठवलं होतं, दर थंडीत तेल गरम करून दिलं होतं. तिने विचारलं, मग ते लंगडणं?

"एकदा सांगून बसलो गुडघे म्हणून, मग निभवावं लागलं. दहा वर्षं लंगडायचं म्हणजे काय खायचं काम आहे? आणि मधे एकदा पाय बदलला माझ्याकडून. तुझ्या आईच्या लक्षात आलं होतं, पण ती बोलली नाही."

कानूला असं हसू फुटलं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडून पाहिलं. बाबांनाही हसू आवरेना. हसून झाल्यावर बाबांनी खरी गोष्ट सांगितली. शेवटची दोन वर्षं ते हा काटा रुमालात गुंडाळून खिशात नेत. गिऱ्हाईक चहा करायला आत गेलं की हळूच आपटून एक सूर पकडायचा, रुमाल परत खिशात. त्या दोन वर्षांत एकाही पियानोबद्दल तक्रार आली नाही. तरीही रोज चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि एक दिवस तेही सोसेना.

मग त्यांनी तिला जवळच्या सांगाड्यापाशी नेलं आणि दोन तारा एकत्र छेडल्या. "या दोघी जुळतात का?"

कानूने ऐकलं. दोन तारा एकमेकींशी जुळलेल्या नसल्या की आवाजात हलके ठोके पडतात, वँव वँव असे. इथे ते होते. तिने किल्ली घेऊन खुंटी केसभर पिळली. ठोके मंदावले, लांबले, थांबले. तिने दुसरी जोडी घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांचे ठोके तिला पूर्वीसारखेच स्वच्छ ऐकू येत होते. जग अर्धा सूर खाली बसलं होतं खरं, पण सगळं मिळून बसलं होतं; कुणाचं कुणाशी बिनसलं नव्हतं.

"पहिला सूर काट्याकडून घ्यायचा," बाबा म्हणाले, "बाकीचं काम तुझंच आहे. मी तुला कुबडी वगैरे सांगितलं ते विसर. मूर्ख होतो."

सोमवारी कानू वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली, सोबत नवरा. डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली, काही ठिकाणी बोट ठेवून पुन्हा वाचली. काटा हातात घेऊन टेबलावर आपटला आणि स्वतःच्या कानाशी धरून पाहिला. कानूने त्यांना सांगितलं की काटा गुडघ्यावर आपटतात. त्यांनी गुडघ्यावर आपटला. मग त्यांनी सरळ सांगितलं की असं त्यांनी कधी ऐकलेलं नाही, पण वही जे सांगते ते त्यांना पटतंय. मेंदूचा आलेख काढू, रक्त तपासू, आणि मला दोन दिवस द्या, वाचते. गोळी बंद केली नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. कानू काही बोलायच्या आत नवरा नाही म्हणाला.

बुधवारी त्यांनी दोघांना परत बोलावलं. आलेख पूर्वीसारखाच होता, नवीन काही नाही. रक्त ठीक. आणि त्यांना सापडलं होतं. या गोळीने असं होतं, क्वचित. जगभरातून थोड्याच लोकांची नोंद होती, आणि त्यातले बहुतेक सगळे संगीताशी नातं असलेले, कानूसारखे बसल्या जागी सूर सांगणारे. का होतं, हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. गोळी थांबवली किंवा कमी केली की बहुतेकांचं परत जागेवर आलं होतं. फिट कुठेही मुक्काम हलवत नव्हती.

कानूचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने विचारलं की हे असं फक्त संगीतवाल्यांनाच का व्हावं.

"फक्त त्यांनाच होतं असं नाही वाटत मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त त्यांनाच कळतं. माझ्याकडे ही गोळी घेणारी बरीच माणसं आहेत. त्यातली किती जणं वर्षानुवर्षं सगळं अर्धा सूर खाली ऐकतायत, देव जाणे. कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आजपासून विचारते."

मग त्यांनी पर्याय समोर ठेवले. दुसरी गोळी होती. बदल करायला काही आठवडे लागतील, आणि त्या मधल्या काळात फिट येण्याची शक्यता थोडी वाढेल. किंवा आहे ते तीन महिने चालू ठेवून पाहायचं. घाई नव्हती. कानूने तीन महिने मागून घेतले.

त्या शनिवारी ती आणि बाबा शाळेत गेले. पियानो पुन्हा अर्धा सूर खाली आणायचा होता. दरवाज्यावरचा माणूस बाबांना ओळखत होता. त्याने धावत खुर्ची आणली, म्हणजे त्यात बसवून बाबांना वर नेता येईल. बाबांनी त्याचे आभार मानले आणि तीन मजले ताडताड चढून गेले. तो माणूस खुर्ची धरून तसाच उभा राहिला. कानूने त्याला सांगितलं की नवीन तेल मिळालंय.

काम दिवसभर चाललं. पहिला सूर काट्याचा. मग कानू तारा जुळवत गेली आणि बाबा बाजूला बसून सूचना करत राहिले. मध्येच त्यांची जुंपायची. बाबा म्हणायचे, जरा चढलंय. कानू म्हणायची, नाही, उतरलंय. मग दोघं थांबून काटा आपटायचे आणि गप्प व्हायचे. दुपारी गायनबाईंनी मुलांना आणलं. त्यांनी बासऱ्या लावल्या आणि पियानोबरोबर एक गाणं वाजवलं, मग दुसरं. ते गाणं पांढऱ्या दोनमधलं आहे हे कानूला माहीत होतं, आणि कानात ते काळ्या एकमध्ये वाजत होतं. तिला गंमत वाटली. तेच गाणं, फक्त जरा सावळं, जरा मऊ. ज्या चिमुरडीने पियानो एकटा असल्याचं दाखवून दिलं होतं तिला कानूने बोलावून पियानोच्या आत डोकावू दिलं, आणि तिने आत डोकावून एक खोडरबर शोधून काढलं, जे कानूला दीड दिवसात दिसलं नव्हतं.

त्यानंतर कानूने कामं पुन्हा घ्यायला सुरुवात केली. काटा तिने रुमालात लपवला नाही. गिऱ्हाइकांपैकी कुणी विचारलं, आता काटा का, तर ती सांगायची, गोळीमुळे मला सगळं अर्धा सूर खाली ऐकू येतं. लोक चकित व्हायचे, मग आपापल्या आजाराच्या गोष्टी सांगायला लागायचे. एका पियानोला पूर्वी तीन तास लागायचे. आता चार लागायला लागले, त्यातला एक तास गप्पांचा.

तीन महिने झाले. वहीत नुसत्या रेघा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आता गोळी बदलायची का. कानूने वाटेत बराच विचार केला होता. पूर्वीचा कान तिला आठवायचा, आणि कधी कधी सकाळी सातला, गोळीच्या आधी, ती खिडकीत उभी राहून पाखरांचे आवाज मुद्दाम ऐकायची, कारण तेव्हा ते जवळजवळ खरे असायचे. तेवढं दुःख होतं, आणि तिने ते डॉक्टरीणबाईंना सांगितलंही.

"पण फिट आली की दोन मिनिटं काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली, "आणि मग सगळा दिवस डोकं भुशाने भरल्यासारखं. त्यापेक्षा हे बरं. वर्षभराने पुन्हा विचारा."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं.

दवाखान्यातून ती परस्पर एका नव्या गिऱ्हाइकाकडे गेली. एक निवृत्त शिंपीणबाई होत्या, बहिणीकडून त्यांना पियानो मिळाला होता, अकरा वर्षं कुणी उघडलेला नव्हता. वर कपड्यांच्या घड्या, त्यावर एक मांजर. मांजराला उठवण्यात पाऊण तास गेला. झाकण उघडल्यावर आत उंदरांचं एक व्यवस्थित घरटं निघालं, शिंपीणबाईंच्याच चिंध्यांचं, आणि चार बटणं. शिंपीणबाईंनी बटणं ओळखली आणि खिशात टाकली. मग त्यांनी काळजीने विचारलं की सूर फार उतरलाय का हो?

कानूने काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, दुसऱ्या हाताने पट्टी दाबली आणि दोन्ही ऐकले.

"उतरलाय," ती समाधानाने म्हणाली. "यावेळी खरोखर पियानोच उतरलाय." आणि तिने बाह्या वर सारल्या.